पाच आले होते

सोमवार, १२ फेब्रुवारी १९९६

माइते,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकू नकोस. कोणी वारलेलं नाही. तुझे वडील आहेत, मी आहे, आणि माझी लव्हॉन तर इतकी ठणठणीत आहे की गेल्या आठवड्यात माझ्या तीन जुन्या टोप्या तिने मला न विचारता चुलीत घातल्या.

टपालखात्यात अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाला कोणाचाही पत्ता मिळवता येतो. आत काय लिहायचं ते मात्र तिथे कोणी शिकवत नाही. फोनच करणार होतो, पण लव्हॉन म्हणाली की फोनवर मी हवामानाच्या पुढे सरकत नाही. खरं आहे. म्हणून सहा वर्षांनी हे पत्र.

गुरुवारी सकाळी तुझे वडील बेन्यात आणि मी कोकरं मारणाऱ्या कायोटींच्या शिकारीला गेलो. दर फेब्रुवारीत जातो तिथेच, उत्तरेच्या उघड्या टेकड्यांत. पिकअपमागे ती चाकांवरची मेंढपाळाची खोली जोडली, शेगडी, लाकडं, लव्हॉनने दिलेला घेवड्याचा डबा, बेन्यातने स्वतः भाजलेला पाव आणि त्याची ती लाल वाइन. तीन दिवस राहिलो. अकरा ठिकाणी बसलो. शनिवारी हात हलवत परत आलो. एकही कायोटी नाही.

तुला हे किती मोठं आहे ते कळेल, म्हणून तुला लिहितोय. सव्वीस वर्षं मी त्याच्याबरोबर जातोय. सगळ्यांत वाईट वर्षी आम्हाला चार मिळाले होते, आणि त्या वर्षी तो तापाने फणफणत होता.

बरं, त्याचं काही चुकलं म्हणावं तर तेही नाही. वारा तोंडावर घेऊन बसला. सूर्य पाठीशी ठेवला. बर्फावर असा टेकला की दहा पावलांवरून मलाही तो सेजचं झुडूप वाटावा. मग दोन्ही तळव्यांची ओंजळ तोंडाशी नेऊन कायोटीला भुलवायला जखमी सशाचा आवाज काढला. मी तो हजारदा ऐकला असेल, तरी माझ्या मानेवरचे केस उभे राहतात. तो आवाज ओरडत नाही, तो जगायला बघतो. मधेच तुटतो, धाप लागते, मग पुन्हा बारीक सुरू होतो. हल्लीची पोरं टेप लावून बसतात. त्यांना तो 'बॅटरीवाले ससे' म्हणतो. आपल्या जिल्ह्यात त्याच्यासारखी साद घालणारा दुसरा नाही आणि होणार नाही. हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हणणार नाही. तुला लिहायला हरकत नाही.

शनिवारी दुपारी शेवटच्या जागेवरून उठताना त्याने हात खिशात घातले आणि म्हणाला, "टपाल्या, त्यांचा माझ्यावरचा विश्वास उडाला."

मग परतलो. गाडी मी चालवली, त्याचा खांदा दुखत होता. काल रविवार असूनही आमच्याकडे पत्ते खेळायला आला नाही.

तर विचारायचं ते हे: तू त्या जनावरांवर शिकलीस, त्यांच्यामागे नेवाडाभर हिंडतेस. एखाद्या माणसाचा आवाज ओळखून ते यायचे बंद होतात का? म्हातारपणी आवाज इतका बदलतो का, की सशाचा ससा राहत नाही? दोन ओळी लिहिल्यास तरी चालतील. त्याला काही तरी सांगता येईल.

तुझा
ऑरिनकाका


सोमवार, २६ फेब्रुवारी

माइते,

दोन ओळी मागितल्या, तू चार पानं लिहिलीस. लव्हॉनने आधी वाचली, मग मला दिली.

तू लिहितेस की वडिलांना गेल्या तीन वर्षांत तीन पत्रं पाठवलीस आणि एकाचंही उत्तर आलं नाही. तेव्हा त्यांच्या सादेचं काय झालं याची काळजी तू का करावीस. तुझं पहिलं पत्र मीच त्यांच्या पेटीत टाकलं होतं, नोकरीच्या शेवटच्या महिन्यात. पाकीट ओळखलं होतं. पुढे महिनाभर रोज बघायचो, जाणाऱ्या टपालात त्याच्या हातचं काही आहे का. नव्हतं. दफनाच्या दिवशी तो तुला काय बोलला ते तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाने ऐकलं, मीही. 'तुझी आई मरत होती तेव्हा तू कोल्ह्या-कुत्र्यांच्या गळ्यात पट्टे बांधत बसली होतीस.' मी तेव्हा टोपी हातात घेऊन जमिनीकडे बघत राहिलो. तेव्हाही काही बोललो नाही. माझी ही खोड जुनी आहे.

आता तुझे प्रश्न. वारा किती होता, कुठे बसलात, जोड्या जमायचे दिवस असताना, भुकेच्या दिवसांत, अकरा ठिकाणी एकही येत नाही हे कसं शक्य आहे. आणि शेवटी तो एक: 'काका, बर्फ होता म्हणता, मग पावलं नव्हती का?' त्याखाली तू लिहिलंयस की लहानपणापासून तुला ठाऊक आहे, मी खोटं बोलताना वाऱ्याची दिशासुद्धा सांगतो.

माइते, पावलं होती. पाच आले होते.

पहिला गुरुवारी सकाळी, आठच्या सुमारास. आमची बसायची रीत तुला माहीत आहे. समोरचा त्याचा, मागचा माझा. मी त्याच्या पाठीला जरा कोन करून बसतो, म्हणजे समोरचंही मला अर्धं दिसतं. त्याने साद घातली आणि पाच मिनिटांत उतारावरून तो निघाला. मोठा नर होता. कोल्ह्याच्या दीडपट, पण लांडग्याच्या निम्मा नाही, आणि हिवाळ्याच्या केसांमुळे छाती भरलेली. पळत नव्हता, कामावर निघालेल्या माणसासारखा दुडक्या चालीत येत होता. चाळीस पावलांवर थांबला. बेन्यातची बंदूक गुडघ्यावर तयार, तोंड थेट त्याच्याकडे. मला वाटलं, आणखी जवळ येऊ देतोय. बेन्यातने पुन्हा साद घातली. तो वीस पावलांवर आला. त्याच्या मिशांवरचं दव मला दिसत होतं. तो आमच्याकडे बघतोय, बेन्यात त्याच्याकडे बघतोय, आणि बेन्यात साद घालतोय. तेव्हा मी बेन्यातच्या तोंडाकडे बघितलं. त्या तोंडावर काहीच नव्हतं, माइते. रिकाम्या माळाकडे बघावं तसं तो बघत होता.

कायोटी बराच वेळ उभा राहिला. मग आम्ही ससा नाही हे त्याला पटलं आणि शांतपणे वळून गेला. घाईसुद्धा केली नाही. थोड्या वेळाने बेन्यातने हात खाली घेतले आणि म्हणाला, "काही नाही."

त्या क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. मी म्हणालो, "हो. काहीच नाही."

एवढंच झालं. पुढचे तीन दिवस मी त्या तीन शब्दांच्या मागे फरपटत गेलो. माझ्या मांडीवरही बंदूक होती. मी मारला असता, पण मारला असता तर तो म्हणाला असता, 'कुठे होता?' आणि मी काय सांगणार होतो, 'तुझ्या नाकासमोर'? दर वेळी उठताना मी आधी पुढे जायचो आणि बूट घासत घासत त्या पावलांवरून चालायचो. माणसाचं वय चौसष्ट आणि बर्फात पाय घासत चालतोय.

गाडी मी चालवली ती खांदा दुखत होता म्हणून नाही. जाताना त्याने दोनदा रस्ता सोडला, म्हणून.

त्याचे डोळे अधू झालेत हे मला त्याच्यापासून लपवायचं होतं. हे करताना मी त्याची साद त्याच्याकडून काढून घेतली, हे शनिवारी तो विश्वासाचं बोलला तेव्हा कळलं. आणि तरीही मी गप्प बसलो. तुला लिहिलेलं पहिलं पत्र हा सगळा बनाव होता. तू शास्त्रातलं काही तरी कारण देशील, मी ते त्याच्या गळ्यात बांधेन आणि सुटेन, असा हिशेब होता.

आता काय करू ते सांग.

ऑरिन


सोमवार, १८ मार्च

माइते,

तुझं कार्ड मिळालं. 'त्याला सांगा. डोळ्यांचं आणि सादेचं, दोन्ही सांगा.' या वेळी मात्र खरोखर दोन ओळी. ते आठवडाभर माझ्या कोटाच्या खिशात आहे आणि मी अजून सांगितलेलं नाही.

तीनदा गेलो. एकदा तो मेंढ्यांना चारा टाकत होता, एकदा झोपला होता. तिसऱ्यांदा समोर बसून कॉफी प्यायलो आणि हवामानावर बोललो.

इकडे काय चाललंय ते ऐक. हॅरिएट गँट, दरीपलीकडची, तिची कोकरं यायला लागली आणि पाच दिवसांत कायोटींनी नऊ नेली. दर वर्षीसारखी ती बेन्यातकडे आली. त्याने तिला दारातूनच सांगितलं की दुसरा माणूस बघ. ती म्हणाली, दुसरा कोण आहे? तो म्हणाला, टेप लावणारी पोरं आहेत. हॅरिएट माझ्याकडे येऊन रडली नाही, ती रडणाऱ्यांतली नाही. पण माझ्या अंगणात उभी राहून तिने विचारलं, बेन्यातला झालंय तरी काय? त्यानेच मला सगळं शिकवलं, आणि आता स्वतःलाच 'पोकळ डबा' म्हणतोय.

गेल्या बुधवारी त्याने पिकअप स्वतःच्याच फाटकाच्या खांबावर घातली. लागलं नाही. मला म्हणाला, खांब सरकला. मी म्हणालो, खांब हल्ली सरकतात खरे. दोघंही हसलो नाही.

मेंढ्यांच्या कामात त्याचं काही अडत नाही, हे विशेष. कुत्रा आहे, हातांना सवय आहे, आठशे मेंढ्यांत आजारी कोणती ते तो श्वासावरून सांगतो. मी त्याच्या मागे उभा राहून बघत असतो आणि वाटतं, या माणसाला डोळे हवेतच कशाला? मग तो भिंतीवरची पिशवी घ्यायला हात घालतो आणि पिशवी वीतभर बाजूला असते.

उद्या सकाळी जातो. हे पत्र आत्ताच पेटीत टाकतो, म्हणजे परत फिरता येणार नाही.

ऑरिन


शुक्रवार, २९ मार्च

माइते,

सांगितलं. सविस्तर लिहितो. पाकिटात आणखी एक कागद आहे, तो आधी वाचू नकोस. माझं ऐक. क्रम महत्त्वाचा आहे.

गेल्या आठवड्यात मंगळवारी गेलो तेव्हा तो गोठ्यात पेंढ्यावर आडवा पडला होता, एका मेंढीत कोपरापर्यंत हात घालून. कोकरू आडवं आलं होतं. त्या कामाला कोणालाच डोळे लागत नाहीत. मी ती वेळ मुद्दाम साधली, कारण हात आत असताना त्याला मला मारता आलं नसतं.

मी म्हणालो, "बेन्यात, ते आले होते."

"कोण?"

"कायोटी. फेब्रुवारीत. पाच आले."

त्याचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला. त्याने कोकराचे पाय सरळ केले, सावकाश ओढून काढलं, नाकातला चिकटा पुसला, गवताची काडी नाकपुडीत फिरवली. कोकरू शिंकलं. ते त्याने आईच्या तोंडाशी ठेवलं. उठला. हात धुतले. मी तिथे उभा, कोर्टात उभा असल्यासारखा.

मग म्हणाला, "तू पाहिलेस."

"हो."

"मी नाही."

"नाही."

"डोळ्यांचं मला माहीत आहे, टपाल्या. डोळे माझे आहेत. मेंढी दिसते, कुत्रा दिसतो, तेव्हा कायोटी हलला तर दिसेलच, असं धरून चाललो होतो. दिसला नाही, तेव्हा तुला विचारलं. तू म्हणालास काही नाही. मी तुझ्यावर विश्वास ठेवला." इथे त्याचा आवाज जरा चढला. "पाच आठवडे मी समजतोय की माझी साद मेली. रोज सकाळी कुंपणाशी जाऊन तोंडाशी हात नेतो आणि खाली घेतो. डोळे गेले तर गेले. ते सगळ्यांचेच जातात. साद माझी एकट्याची होती, आणि ती मेली असं तू मला समजू दिलंस. आता चालता हो."

मी चालता झालो.

आठ दिवस काही नाही. लव्हॉनने मला जेवायला घातलं पण बोलली नाही. एवढंच म्हणाली की बेन्यातचं बरोबर आहे. काल, म्हणजे गुरुवारी, जेवणाच्या वेळेला अंगणात आमचं कुत्रं भुंकलं. बघतो तर बेन्यात. चालत आला होता, साडेतीन मैल, रस्त्याच्या कडेची तार काठीने चाचपत. गाडी सोडून दिली म्हणाला. टेबलाशी बसला, लव्हॉनने पुढ्यात ठेवलेलं मटण संपवलं, पावाने ताटली पुसली आणि मला म्हणाला, "हं. सांग. पहिल्यापासून. एकेक."

म्हणून सांगितलं. पहिला मोठा नर, तुला लिहिला तो. तो किती पावलांवर थांबला, कान कसे होते, डावीकडून आला की उजवीकडून, पहिल्या सादेला निघाला की दुसऱ्या. सगळं विचारून घेतलं. दुसरा आणि तिसरा शुक्रवारी, जोडी होती. मादी पुढे, नर मागे, आणि नर दर थोड्या अंतरावर थांबून मागे बघायचा. बेन्यात म्हणाला, "तो शहाणा. ती भुकेली. पिल्लं पोटात असणार." चौथी एक वर्षाची मादी, अगदी पोरकट. ती तीस पावलांवर आली, बसली, आणि चक्क मान तिरकी करून ऐकत राहिली. गाणं ऐकावं तशी. हे सांगितलं तेव्हा तो इतका हसला की खोकला लागला.

"आणि पाचवा?"

पाचवा शनिवारचा. तो माझ्या बाजूने, मागून आला. बेन्यातच्या पाठीमागे आठ पावलांवर. तिथे उभा राहून त्याने हवेत नाक केलं. मी श्वास घेत नव्हतो. बेन्यातने त्याच वेळी साद तोडली, तो सशाचा शेवटचा हुंदका असतो ना, तो. आणि कायोटी पुढे आला. आणखी तीन पावलं. माणसाचा वास येत असूनही. त्याला वास सांगत होता की माणूस आहे, आणि कान सांगत होते की ससा आहे, आणि त्याने कानांचं ऐकलं.

बेन्यातने ते पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा लव्हॉनने सांगितलं, कारण तिला एव्हाना पाठ झालं होतं.

"पाच पावलं," तो म्हणाला. "माझ्या बापालाही पाच पावलांवर कधी आला नाही."

मी त्याला गाडीने घरी सोडलं. उतरताना म्हणाला, आत ये. स्वयंपाकघरात त्याने पिठाच्या डब्यामागून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. त्यात तुझी तिन्ही पत्रं होती, माइते. तिन्ही फोडलेली. घड्यांवर कागद मऊ पडलेला, कारण ती पुन्हा पुन्हा उघडली होती.

"मला कागद दिसतो," तो म्हणाला. "मधे राखेसारखं काही तरी. खिडकीशी धरलं, दिव्याशी धरलं, भिंग आणलं. तिचं नाव खाली आहे तेवढं लागतं, कारण ते कुठे असतं ते मला माहीत आहे."

मी विचारलं, कोणाला वाचायला का नाही सांगितलंस. तो म्हणाला की नवा टपालवाला बडबड्या आहे, जिल्हाभर झालं असतं. मग मला का नाही सांगितलंस, असं विचारलं. तेव्हा तो बराच वेळ डब्याचं झाकण बसवत राहिला आणि म्हणाला, "तिने त्यात मला शिव्या दिल्या असत्या तर तुझ्यादेखत ऐकाव्या लागल्या असत्या."

मी वाचली. काल दुपारभर. त्यांत काय आहे ते तुला माहीत आहे. एकही शिवी नाही. दुसऱ्या पत्रात ती जखमी मादी पिल्लांना एकेक करून ओढ्यापलीकडे नेते, आणि तू दोन दिवस अन्नाशिवाय कड्यावर पडून ते बघतेस, तो भाग त्याने दोनदा वाचून घेतला. "सहा पिल्लं. आणि पाय मोडलेला," तो म्हणाला. "पन्नास वर्षं मी त्यांच्या मागे आहे, मला हे कधी दिसलं नाही. ही पोरगी माझ्यापेक्षा चांगली बसते." हे त्याचे शब्द आहेत. मी एकही अक्षर घातलेलं नाही. त्याने हे तुला लिहायला सांगितलं नव्हतं, मी लिहितोय.

मग म्हणाला, कागद घे. तो कागद सोबत आहे. त्याने सांगितलं, मी उतरवलं. आता वाच.

———

माइते,

आईच्या दफनाला मी सर्वांसमोर तुला बोललो ते खोटं होतं. तू त्या महिन्यात दोनदा फोन केलास. दोन्ही वेळा मी सांगितलं, ती बरी होतेय. डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं की होणार नाही. ते तोंडाने म्हणायची हिंमत मला झाली नाही. तुला नाही, तिलाही नाही. मग ती गेली. राग काढायला मला कोणी तरी हवं होतं आणि तू सगळ्यांत जवळ उभी होतीस.

हे मी रविवारी चर्चमध्ये उभा राहून सगळ्यांना सांगणार आहे. तेव्हा ज्यांनी ऐकलं त्यांनी हेही ऐकावं.

तुझी तीन पत्रं आज ऐकली. उत्तराला उशीर झाला.

बेन्यात

———

सही त्याची स्वतःची आहे. मी त्याचा हात धरून ओळीवर ठेवत होतो, त्याने झटकला.

ये असं लिहू का, मी विचारलं. नको म्हणाला. तिला तिथे काम असेल.

ऑरिन


गुरुवार, २५ एप्रिल

माइते,

तुझं पत्र सोमवारी आलं. लगेच घेऊन गेलो आणि मेंढ्यांच्या गोठ्यात उभ्याने वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीला तो गोठ्याबाहेर गेला. मी आतच थांबलो. परत आला तेव्हा म्हणाला की त्या कोपऱ्यातली मेंढी आज विणार.

चर्चचं त्याने केलं. एकतीस मार्चला. जेमतेम चार वाक्यं बोलला, आणि बसताना बाक चुकून हॅरिएट गँटच्या मांडीवरच बसणार होता. हॅरिएटने त्याला हाताला धरून बसवलं आणि शेवटपर्यंत तो हात सोडला नाही. मी अठ्ठावीस वर्षं या लोकांच्या दारात पत्रं टाकली. इतकं धाडसी पत्र त्यांतलं एकही नसेल.

दोन दिवसांनी तो तिच्या कुरणावर गेला, माझ्यासकट. साद त्याची, गोळी माझी, असं ठरलं. पहिल्या सादेला कायोटी आला, चाळीस पावलांवर उभा राहिला. मी पुटपुटलो, 'आला, समोर'. तो म्हणाला, 'मग मार की'. मी मारली. हुकली. पुन्हा मारली, पुन्हा हुकली. तेव्हा तुझ्या वडिलांनी मला ज्या शिव्या घातल्या त्या लिहिण्यासारख्या नाहीत, पण घरी येईपर्यंत तो इतका खुशीत होता की मी रोज हुकायला तयार आहे. हॅरिएटने शेवटी तिच्या पुतणीला माझ्या जागी बसवलं. आता तिची कोकरं जगतायत.

गेल्या आठवड्यात लव्हॉनने त्याला शहरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. सुधारणा होणार नाही. ती डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणारी होती, ते त्याला आवडलं. तिने समजावलं की त्याच्या डोळ्यांचा मधला भाग गेलाय, कडा शाबूत आहेत. ज्याच्याकडे तो सरळ बघतो तेवढंच नेमकं पुसलं जातं. म्हणाली, सरळ बघू नका, थोडं बाजूला बघायला शिका, मग हवं ते कडेला दिसेल. तो म्हणाला की आयुष्यभर समोर बघायला शिकलो, आता चोरासारखं बघू? पण घरी आल्यापासून मेंढ्यांवर सराव करतोय. काल लव्हॉनवर केला आणि तिला म्हणाला, तू म्हातारी दिसायला लागलीस. तिने त्याला जेवण दिलं नाही.

तुझी बस चार मेला शनिवारी दुपारी सव्वादोनला येते. मी गाडी घेऊन येतो. तो घरी थांबायला तयार नाही, बसथांब्यावर येणारच म्हणतो. केस कापून घेतलेत. तुझ्या आईने, ग्रासियानाने, दिलेला तो निळा शर्ट घालणार आहे. शर्टाचा कोपर फाटलाय हे त्याला कोणी सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तू बसमधून उतरशील आणि गैरसमज होईल. तू समोर आलीस की त्याची मान डावीकडे वळलेली असेल. तुझ्याकडे बघायचं टाळतोय असं वाटेल. रागावू नकोस आणि घाई करू नकोस. तशीच उभी राहा. तेव्हाच त्याला तू दिसत असशील.

तुझा
ऑरिनकाका